रात्री दहा ते सकाळी आठ : ठाणे-नवी मुंबईतल्या प्राणी रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील पाळीव प्राण्यांच्या रुग्णालयांचे संचालक, वरिष्ठ डॉक्टर आणि वॉर्डाचे व्यवस्थापक यांस

विषय : भरती केलेल्या गंभीर कुत्र्यांची रात्रीची देखरेख

सप्रेम नमस्कार,

कासारवडवलीपासून सीबीडी बेलापूरपर्यंत गेल्या काही वर्षांत प्राण्यांची रुग्णालयं भराभर उघडली. डिजिटल एक्स-रे आला, सोनोग्राफी आली, सीबीसीचा रिपोर्ट चहा संपायच्या आत हातात पडतो. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. हे पत्र आहे रात्री दहा ते सकाळी आठ या दहा तासांबद्दल. पाटीवर ‘२४ तास’ लिहिलेलं असतं. आत मात्र काही ठिकाणी दहानंतर एकच मदतनीस उरतो, तोही रिसेप्शनच्या बाकावर आडवा झालेला, आणि डॉक्टर फोनवर. सलाइन लावलेलं आहे ना, मग उपचार चालू आहेत, असं सगळेच धरून चालतात. घरचेही आणि आपणही.

मागणी एकच आहे. जो गंभीर पेशंट रात्रभर बघता येणार नाही, त्याला रात्री ठेवून घेऊ नका, आणि हे घरच्यांना अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी सांगा. ठेवून घेणार असाल तर ‘बघणं’ म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत लिहून पिंजऱ्यावर लावा. डॉक्टरांना डॉक्टरकी शिकवायचा आमचा विचार नाही. पण औषध लिहिणारा हात वेगळा आणि पहाटे तीनला थेंब मोजणारा हात वेगळा, आणि बहुतेक चुका या दोन हातांच्या मधल्या जागेत होतात. ती जागा आमची, म्हणजे रात्रपाळीच्या पॅरावेट (डॉक्टरांचे प्रशिक्षित सहायक) आणि मदतनीसांची आहे, म्हणून लिहितोय.

सलाइनपासूनच सुरू करू. दहा किलोचं कुत्रं, आठ टक्के डिहायड्रेशन. तूट झाली ८०० मिलि. रोजची गरज किलोला ६० मिलि धरली तर आणखी ६००. चोवीस तासांत १४०० मिलि, म्हणजे ताशी ५८. इन्फ्युजन पंप असला तर आकडा टाकला की झालं. पंप नसला तर साध्या सेटमधून एका मिलिचे २० थेंब पडतात, म्हणजे मिनिटाला १९ थेंब. उलट्या-जुलाबांतून जाईल ते वेगळं मोजून यात मिळवायचं. केसपेपरवर मात्र ‘आरएल ५०० × ३’, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाइनच्या ५०० मिलिच्या तीन बाटल्या, एवढंच असतं. तीन बाटल्या किती वेळात, हे ज्याच्या हातात रोलर (थेंबांचा वेग बदलणारं चाक) त्याच्या अंदाजावर. डॉक्टरसाहेब, बाटल्यांऐवजी ताशी मिलि लिहा. एका ओळीचं काम आहे.

अंदाज बरोबर असला तरी कुत्रं एका अंगावर पडून राहत नाही. पुढच्या पायाला लावलेलं सलाइन कोपर दुमडलं की थांबतं, पाय लांब केला की पुन्हा धावतं. दहा वाजता १९ वर लावलेले थेंब बारा वाजता शून्य असतात किंवा चाळीस. थांबलं तर कॅन्युलात (शिरेत बसवलेल्या नळीत) गुठळी होते आणि उरलेली रात्र काहीच जात नाही. धावलं तर पाणी फुप्फुसात उतरायला लागतं. म्हणून पाच किलोच्या आतल्या पिलाला मोठी बाटली थेट लावूच नये. १०० मिलिचा बुरेट सेट (मधे मापाची नळी असलेला) लावावा आणि त्यात दोनच तासांचं पाणी भरावं. रोलर सैल सुटला तरी तेवढंच जाईल. शिवाय त्या सेटला मिलिचे ६० थेंब, त्यामुळे मिनिटाचे थेंब मोजले की तोच ताशी मिलिचा आकडा. रात्री डोळ्यांवर झोप असताना यापेक्षा सोपं गणित मिळणार नाही.

पाणी जास्त होतंय हे सगळ्यात आधी श्वासावरून कळतं. झोपलेलं कुत्रं मिनिटाला १० ते ३० श्वास घेतं. दहाला २०, बाराला २८, दोनला ३८ अशी चढती भाजणी दिसली की सलाइन थांबवून डॉक्टरांना उठवायचं. नाकातून पातळ पाणी येईपर्यंत, डोळ्यांचा पांढरा भाग फुगेपर्यंत थांबलात तर फार उशीर होतो. सकाळ-संध्याकाळ एकाच काट्यावर वजन करा. संध्याकाळी २० किलो भरलेलं कुत्रं सकाळी साडेएकवीस भरलं, तर रात्रीत त्याच्या अंगावर मांस चढलेलं नाही, दीड लिटर पाणी साठलं आहे. आणि कॅन्युलावरची पट्टी घट्ट बसली की पंजा सुजतो, बोटं फाकतात. दर फेरीला पंजा हातात घेऊन बघायला दहा सेकंद लागतात, पण हे दहा सेकंद कुठल्याच कागदावर लिहिलेले नसतात.

पोटॅशियमबद्दल थोडं ठासून सांगायचं आहे. आपल्याकडचं पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलिचं अ‍ॅम्पूल १५ टक्क्यांचं असतं, म्हणजे मिलिला २ मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). पार्वोच्या (उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य आजाराच्या) पेशंटला ५०० मिलिच्या बाटलीत अर्धं अ‍ॅम्पूल, ५ मिलि, घातलं की त्यात १० मिलिइक्विव्हॅलंट झाले. वेगाची कमाल मर्यादा किलोला ताशी अर्धा, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला ताशी ५. ठरल्या वेगाने बाटली गेली तर आपण मर्यादेच्या बरेच आत असतो. पण कुत्रं मलूल दिसलं, डॉक्टर फोनवर म्हणाले ‘फ्लुइड फास्ट कर’, आणि मदतनीसाने तीच बाटली पूर्ण उघडून अर्ध्या तासात संपवली, तर वेग ताशी २० झाला. मर्यादेच्या चौपट. हृदय बंद पडायला एवढं पुरतं. दुसरी गोष्ट, पोटॅशियम सलाइनपेक्षा जड असतं. टांगलेल्या बाटलीत सुईने टोचून तसंच सोडलं तर ते तळाशी, म्हणजे नेमकं नळीच्या तोंडाशी बसतं आणि पहिल्या पाच मिनिटांतच आत जातं. बाटली काढून दहा वेळा उलटीपालटी करायची, तिच्यावर लाल पट्टी लावायची, पट्टीवर मात्रा आणि वेळ लिहायची. लाल पट्टीची बाटली कधीच फास्ट करायची नाही. फास्ट द्यायचं असेल तर शेजारी साधी बाटली टांगलेली असू द्या.

आता गोचीड ताप. आपल्या भागात भरती होणाऱ्या कुत्र्यांत हा बारमाही आहे. तपकिरी गोचीड सोसायटीच्या भिंतींच्या फटींतही मजेत राहते. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतू) असेल तर डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, ते घरी होतं. भरतीची वेळ येते ती रक्त उतरल्यावर, आणि बॅबेसिया गिब्सोनी (तांबड्या पेशींत वाढणारा परजीवी) निघाला तर जास्तच. त्याच्यावरचं अ‍ॅटोव्हाक्वोन किलोला १३.३ मिलिग्रॅम दर आठ तासांनी, दहा दिवस, तेही स्निग्ध खाण्यासोबत, नाहीतर नीट शोषलं जात नाही. जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिवसातून एकदा. ‘दर आठ तासांनी’ हे शब्द नीट वाचा. सकाळी नऊ, संध्याकाळी पाच, आणि मग रात्री एक. हा एकचा डोस बऱ्याच ठिकाणी रात्री दहालाच ‘आटपला’ जातो आणि पुढचा थेट सकाळी नऊला. मधे अकरा तासांची फट. इतकं महाग औषध मागवून, घरच्यांना खर्चात पाडून, ते असं देण्यात काय अर्थ आहे?

घरचे विचारतात, प्लेटलेट किती? डेंग्यूने सगळ्यांना हा प्रश्न शिकवला आहे, आणि पपईच्या पानांचा रसही त्याच वाटेने वॉर्डात येतो. त्यांना सांगावं की मशीनचा आकडा कुत्र्यांत फसवा असू शकतो. प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की मशीन त्या मोजत नाही. स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल लेन्सखाली एका फील्डमधल्या प्लेटलेट मोजून १५ हजारांनी गुणलं की ढोबळ आकडा मिळतो, आणि स्लाइडच्या कडेला गुठळ्या आहेत का तेही दिसतं. खरोखरच ३० हजारांच्या खाली असेल तर रात्रीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : मानेतून रक्त घेऊ नये, टोचल्यावर पाच मिनिटं दाबून धरावं, कडक काही खायला देऊ नये, शी काळी झाली तर कळवावं. अंधारात काळी शी आणि साधी शी सारखीच दिसते, तेव्हा वॉर्डात टॉर्च ठेवा. पांढऱ्या टिश्यूवर पुसून बघितलं की कडेला लाल छटा पसरते.

रक्त चढवणं हे रात्री सुरू करायचं काम नाही. आणि होतं मात्र रात्रीच, कारण रक्त देणाऱ्या कुत्र्याचे मालक ऑफिसातून सुटून, ऐरोलीचा पूल ओलांडून आठ वाजता येतात. मग निदान हिशोब तरी तयार असू द्या. वीस किलोचा लॅब्राडॉर, पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) १२, न्यायचा आहे २२ पर्यंत, डोनरचा ४५. वजन गुणिले ९० गुणिले फरक, भागिले डोनरचा पीसीव्ही : ४०० मिलि. तोंडी पडताळा असा की किलोला २ मिलि रक्ताने पीसीव्ही साधारण एकाने वाढतो. डोनर २५ किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, लसी झालेला, पीसीव्ही ४० च्या वर. त्याची गोचीड तापाची झटपट किट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. नेहमीच्या फोर-डीएक्स किटमध्ये एर्लिकिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा कळतो, बॅबेसिया कळतच नाही. त्यासाठी स्लाइड बघावी लागते, जमलं तर पीसीआर. नाहीतर एका रोगातून वाचवायला दुसरा बाटलीतून चढवाल.

पिशवी बहुधा माणसांची, ३५० मिलिची असते. तिच्यात गोठणरोधक ४९ मिलि, म्हणजे १०० मिलि रक्तामागे १४. पेशंट लहान असेल आणि १५० मिलिच घ्यायचं असेल, तर आधी २८ मिलि काढून टाकून २१ ठेवायचं. तसं केलं नाही तर जादा सिट्रेट (गोठणरोधकातलंच) पेशंटच्या रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं; कुत्रं थरथरायला लागतं आणि आपण ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हणून भलतंच इंजेक्शन भरतो. पिशवी किचनच्या काट्यावर ठेवून शून्य करा आणि भरताना हलक्या हाताने हलवत राहा. १ मिलि रक्त १.०५ ग्रॅम, म्हणजे १५० मिलिला १५८ ग्रॅम. डोळ्यांनी अंदाज कधीच बरोबर येत नाही. चढवताना फिल्टरचा सेट हवा, आणि त्या नळीत नॉर्मल सलाइनशिवाय काही नको. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, रक्त नळीतच गोठतं.

पहिली तीस मिनिटं अगदी सावकाश : किलोला ताशी अर्धा मिलि. त्या लॅब्राडॉरला मिनिटाला तीन-चार थेंब. या अर्ध्या तासात माणूस पिंजऱ्यासमोर बसलेला हवा, मोबाइल बाजूला ठेवून. सुरू करण्याआधी, मग ५, १५ आणि ३० मिनिटांनी ताप, नाडी, श्वास. सगळं ठीक असेल तर उरलेलं साडेतीन तासांत, म्हणजे मिनिटाला साधारण ३८ थेंब, आणि दर अर्ध्या तासाला नोंद. चार तासांच्या वर पिशवी टांगून ठेवायची नाही, बाहेरच्या उष्म्यात जंतू वाढतात. ताप दीड-दोन डिग्री फॅरनहाइटने चढला, तोंड सुजलं, अंगावर गांधी आल्या, उलटी झाली, लघवी लालसर-तपकिरी झाली, तर रक्त बंद, नवा सेट लावून सलाइन, पिशवी फेकायची नाही, डॉक्टरांना फोन. आधी कधी रक्त घेतलेलं कुत्रं असेल तर क्रॉसमॅच (दोन्ही रक्तं जुळतात का ही तपासणी) झाल्याशिवाय सुरू करणार नाही, एवढं म्हणण्याची मुभा आम्हाला द्या.

पावसाळ्याबद्दल. वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी तुंबलं की त्यातून चालत गेलेली माणसं डॉक्सिसायक्लिन घ्यायला जातात. त्याच पाण्यातून फिरून आलेल्या कुत्र्याचा विचार पाच-सहा दिवसांनी होतो, ते खायचं सोडून पिवळं पडल्यावर. लेप्टोच्या (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) पेशंटमध्ये रात्री मोजायची गोष्ट एकच, लघवी. सलाइन चालू असताना किलोला ताशी १ ते २ मिलि यायला हवी. वीस किलोच्या कुत्र्याला दहा तासांत २०० ते ४००. कॅथेटर आणि युरोबॅग असेल तर दर दोन तासांनी वाचा. नसेल तर अंडरपॅड कोरं असताना आणि ओलं झाल्यावर तोला, १ ग्रॅम म्हणजे १ मिलि. लघवी थांबली आणि सलाइन त्याच वेगाने चालू राहिलं तर वर लिहिलेला फुप्फुसात पाणी उतरण्याचा प्रकार ठरलेलाच. सकाळी आठला येणाऱ्या डॉक्टरांना ‘रात्री लघवी केली होती का?’ असं विचारावं लागतं तेव्हा उत्तर बहुधा ‘केली असेल’ असं मिळतं. त्या उत्तरावर किडनीचा उपचार ठरवता येत नाही.

आणि हीच लघवी आम्हाला आजारी पाडते. लेप्टो माणसाला होतो हे सगळ्यांना ठाऊक असूनही पिंजरे सकाळी प्रेशरच्या पाइपने धुतले जातात आणि तुषार तोंडावर उडतात. आधी १ टक्का हायपोक्लोराइट टाकून दहा मिनिटं थांबायचं, मग कागदाने टिपून पिवळ्या पिशवीत. हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत, तेव्हा पिवळी पिशवी ही आमची मागणी नाही, आपली जबाबदारी आहे. रात्रपाळीच्या माणसाच्या हाताला जखम असेल तर त्याला त्या पिंजऱ्याकडे पाठवू नका.

पार्वोचं थोडक्यात. फिनाइलने पार्वो मरत नाही, कितीही वास आला तरी. घाण आधी साबणाने काढून मग ब्लीच एकास तीस, दहा मिनिटं ओलं. रात्री माणूस एकच असेल तर पार्वोचे पेशंट फेरीत शेवटी, वेगळी चप्पल, वेगळा एप्रन. पिलांची साखर दर चार ते सहा तासांनी. साठच्या खाली गेली तर २५ टक्के डेक्स्ट्रोज किलोला १ ते २ मिलि, तेवढ्याच सलाइनमध्ये मिसळून, पाच मिनिटांत सावकाश, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासणी. एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या : माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्याची साखर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, पण रक्त फार उतरलेलं असेल तर उलट जास्त दाखवतो. गोचीड तापाच्या पांढऱ्याफटक पेशंटचा ८० हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये.

वॉर्डाचा एसी माणसांसाठी लावलेला असतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, ९९ च्या खाली आलं की गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून पोटाशी. उघड्या बाटलीने अशक्त कुत्र्याची कातडी भाजते आणि ते चार दिवसांनी केस गळल्यावर कळतं.

ऑक्सिजनचा हिशोबही कागदावर हवा. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर. मिनिटाला ५ लिटरने तो पाच तास पुरतो. रात्र दहा तासांची. एक सिलिंडर लावून दुसरा भरलेला नसेल तर आपण पहाटे तीनपर्यंतचाच ऑक्सिजन दिला आहे. कॉन्सन्ट्रेटर आहे म्हणाल, तर महावितरणची लाइट गेल्यावर इन्व्हर्टर त्याला किती वेळ ओढतो ते एकदा दिवसा तपासून पाहा. दिवसाच.

फोनवरच्या तोंडी आदेशांचा विषय नाजूक आहे, तरी लिहितो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे उपचार ठरवण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. अर्धवट झोपेत ऐकलेलं ‘पॉइंट टू’ हे ०.२ मिलि की ०.२ मिलिग्रॅम, हे पॅरावेटने ठरवायचं नसतं. म्हणून रात्री जाण्याआधी ‘असं झालं तर हे करा’ अशा चार-पाच ओळी सहीनिशी लिहून जा, मात्रा मिलिमध्ये, त्या पेशंटच्या वजनाप्रमाणे काढून. झटका पाच मिनिटांच्या वर चालला तर कोणतं औषध किती. उलटी दोनदा झाली तर काय थांबवायचं. पोटाला पीळ पडून शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या कुत्र्याच्या हृदयाचे ठोके पहिले तीन दिवस बिघडू शकतात. छातीवर स्टेथोस्कोप आणि मांडीत नाडी एकाच वेळी मोजून दोन्ही जुळत नसतील तर किती वाजता का असेना, फोन करायचा, हे लिहिलेलं असलं की फोन करायला कोणी कचरत नाही. रात्री उठवल्याबद्दल सकाळी टोमणा मारणाऱ्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला कोणी उठवत नाही, हेही जाता जाता.

हृदय बंद पडलं तर काय करायचं, हे भरतीच्या वेळी विचारून घ्या. सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न) करायचा की नाही, याची सही दिवसा, शांतपणे. खरं ते सांगा : वॉर्डात हृदय थांबलेल्या कुत्र्यांपैकी फारच थोडी घरी जातात, भूल दिलेली असताना थांबलेल्यांची गोष्ट त्यातल्या त्यात बरी. करायचा ठरला तर मिनिटाला १०० ते १२० दाब, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, अ‍ॅड्रेनलिन किलोला ०.०१ मिलिग्रॅम. १ मिलिग्रॅम प्रति मिलिच्या अ‍ॅम्पूलमधून वीस किलोला ०.२ मिलि, दर तीन ते पाच मिनिटांनी. पाच, दहा, वीस, तीस, चाळीस किलोचे आकडे इमर्जन्सी ट्रेच्या झाकणावर चिकटवा. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा म्हणजे वॉर्डात दोन माणसं हवीत, हे ओघाने आलंच. आणि कुत्र्याला शांतपणे निरोप द्यायचा का, हा प्रश्न घरच्यांपुढे पहिल्यांदा रात्री दोनच्या फोनवर ठेवू नका. त्या वेळी माणूस काहीही हो म्हणतो आणि मग वर्षभर स्वतःला खात राहतो.

घरच्यांना रात्री साडेआठला पंधरा मिनिटं बसू द्या. वॉर्डात दोन दिवस तोंड न लावलेलं कुत्रं घरचा दहीभात बोटाने चाटवल्यावर खातं, हे नवं नाही; डॉक्टरांनी खायला परवानगी दिली असेल तर त्याचा उपयोग करून घ्या. किती खाल्लं ते चमच्यांत लिहा. रोज सकाळी कालचा खर्च आणि आजचा अंदाज कागदावर द्या. बिलावरून होणारी भांडणं आम्ही काउंटरच्या अलीकडून बघतो. आकडा मोठा असल्यापेक्षा तो चौथ्या दिवशी एकदम कळल्याने ती पेटतात.

आता, ज्यांना रात्रीची माणसं ठेवणं परवडत नाही त्यांच्यासाठी. त्यात कमीपणा काही नाही. फक्त संध्याकाळी सहाला ठरवा, रात्री एकला नको. रात्री एकला ‘परळला न्या’ म्हणून, म्हणजे मुंबईतल्या मोठ्या प्राणी रुग्णालयाकडे, सोडलं की घरचे घोडबंदरच्या अवजड वाहनांच्या रांगेत किंवा वाशीच्या खाडीपुलावर मांडीवर कुत्रं घेऊन असतात, आणि पुढच्या ठिकाणी कोणाला काही माहीत नसतं. आधी तिथे फोन करून जागा आणि डॉक्टर आहेत का विचारा. कॅन्युला काढू नका, फ्लश करून टोपी लावून पाठवा. रक्तदाब पडल्यावर दुसरी शीर मिळत नाही. सोबत एक पान : वजन, निदान किंवा संशय, शेवटचे रिपोर्ट तारीख-वेळेसह, प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता, किती मिलि सलाइन गेलं, शेवटची लघवी कधी, रक्त दिलं होतं का. मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) किंवा स्टेरॉइड दिलं असेल तर ते ठळक. पुढच्या डॉक्टरांनी नकळत दुसरं दिलं तर पोटात अल्सर फुटतो, आणि आपलं दिलेलं लपवल्याने तो टळत नाही.

माणसांचं गणित सोपं आहे. गंभीर पेशंटची दर दोन तासांनी फेरी म्हणजे थेंब, श्वास, हिरड्यांचा रंग, नाडी, ताप, लघवी, पंजा आणि नोंद. घाई न करता दहा मिनिटं. सहा पेशंट म्हणजे तासभर. दुसऱ्या तासात औषधं, साफसफाई, एखादी इमर्जन्सी. म्हणजे एका जाग्या माणसामागे सहा गंभीर पेशंट, फार तर. बारा पिंजरे भरले असतील तर दोन माणसं लागतात, आणि त्यातला कोणी दिवसभराची पाळी करून थांबलेला नसावा. रक्त चालू असेल त्या रात्री एक माणूस त्या पिंजऱ्यापुरता वजा धरा.

वर सांगितलेल्या नोंदींचा एक पानी तक्ता आम्ही करून ठेवला आहे. डावीकडे रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत दोन-दोन तासांचे सहा रकाने, वर त्या पेशंटचे फोन करण्याचे आकडे, खाली डॉक्टरांच्या सहीची जागा. पत्राला जोडलेला नाही. आपल्याच वॉर्डातल्या रात्रपाळीच्या माणसाला विचारा, त्याच्या खिशात घडी घालून ठेवलेला सापडेल. सहीची जागा तेवढी कोरी असेल.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्राणी रुग्णालयांत रात्रपाळी करणारे काही पॅरावेट आणि मदतनीस